सालिएरीवरचा आळ

पीटर शाफर यांचे ‘अमेडिअस’ हे नाटक २ नोव्हेंबर १९७९ रोजी लंडनच्या नॅशनल थिएटरमध्ये रंगमंचावर आले. दिग्दर्शन पीटर हॉल यांचे होते. पॉल स्कोफिल्ड सालिएरीच्या आणि सायमन कॅलो मोझार्टच्या भूमिकेत होते. पुढच्याच वर्षी नाटक न्यूयॉर्कला गेले आणि १९८१ मध्ये त्याला सर्वोत्कृष्ट नाटकाचा टोनी पुरस्कार मिळाला. १९८४ मध्ये मिलोश फोरमन यांनी त्यावर चित्रपट केला. पटकथा शाफर यांचीच होती. त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटासह ८ ऑस्कर मिळाली. युरोपीय अभिजात संगीताशी एरवी संबंध न येणाऱ्या असंख्य प्रेक्षकांना मोझार्ट भेटला तो या चित्रपटातून, आणि अंतोनिओ सालिएरी हे नाव तर बहुतेकांनी तिथेच पहिल्यांदा ऐकले. मोझार्टबद्दल नाटकात काही चुकीचे सांगितले गेले तर ते खोडून काढायला त्याचे संगीत आहे, पत्रे आहेत, शेकडो चरित्रे आहेत. सालिएरीच्या बाजूने बोलायला १९७९ मध्ये जवळपास काहीच उरले नव्हते. ऐतिहासिक सत्य आणि नाट्यस्वातंत्र्य यांच्यातला वाद या नाटकाभोवती इतका पेटला, त्याचे मूळ या विषमतेत आहे.

नाटकाची गोष्ट थोडक्यात अशी. सन १८२३. व्हिएन्नातला वृद्ध सालिएरी आपली कहाणी सांगतो. कोवळ्या वयात त्याने देवाशी करार केलेला असतो: मला संगीत दे, कीर्ती दे, सदाचार, कष्ट आणि शुद्ध आचरण मी तुला वाहीन. करार फळतो आणि तो दरबारात मोठ्या पदाला पोहोचतो. मग शहरात मोझार्ट येतो. उथळ, अश्लील बोलणारा, खिंकाळल्यासारखा हसणारा हा तरुण लिहितो ते मात्र दैवी असते. ते ओळखण्याइतका कान सालिएरीला आहे, निर्माण करण्याइतकी प्रतिभा नाही. देवाने आपली फसवणूक केली असे मानून तो देवाशी वैर धरतो आणि त्या वैरापोटी मोझार्टचा अंत घडवून आणतो.

कागदपत्रांत दिसणारा सालिएरी वेगळा आहे. त्याचा जन्म १८ ऑगस्ट १७५० चा, व्हेनिसच्या प्रजासत्ताकातल्या लेन्यागो गावचा. किशोरवयात आईवडील गेले. फ्लोरिआन गासमान या संगीतकाराने त्याला १७६६ मध्ये व्हिएन्नाला आणले, घरी ठेवून घेतले, शिकवले. गासमानच्या मृत्यूनंतर १७७४ मध्ये, वयाची चोविशी पुरी होण्याआधीच, तो दरबारी संगीतकार झाला. मिलानचे ला स्काला हे नाट्यगृह ३ ऑगस्ट १७७८ रोजी उघडले ते त्याच्या ‘एउरोपा रिकोनोश्युता’ या ऑपेराने. १७८७ मध्ये पॅरिसला त्याचा ‘तारार’ गाजला. त्याची संहिता ‘फिगारो’ या पात्राचा जनक बोमार्शे याने लिहिली होती. १७८८ मध्ये तो दरबाराचा कापेलमाइस्टर, म्हणजे संगीतविभागाचा प्रमुख झाला. चित्रपटातल्या व्रतस्थ सालिएरीच्या जागी इतिहासात १७७५ मध्ये लग्न झालेला, आठ मुलांचा बाप असलेला गृहस्थ आहे. गासमानच्या दोन्ही मुलींना त्याने गायिका म्हणून तयार केले आणि गुरूचे ऋण फेडले. बेथोव्हेन, शुबर्ट, लिस्ट, मायरबेअर हे सगळे कधी ना कधी त्याच्यापुढे शिकायला बसले. होतकरू पण गरीब विद्यार्थ्यांकडून तो पैसे घेत नसे.

या दोघांमध्ये स्पर्धाच नव्हती असे मात्र नाही. व्हिएन्नात इटालियन संगीतकारांचे वजन मोठे होते आणि मोझार्टला ते खुपत असे. १७८१ मध्ये व्युर्टेम्बर्गच्या राजकन्येला शिकवण्याचे काम त्याच्याऐवजी सालिएरीला मिळाले, तेव्हा त्याने वडिलांना लिहिलेल्या पत्रात सम्राट दुसऱ्या योसेफला सालिएरीपलीकडे कोणी दिसतच नाही अशी तक्रार आहे. ‘फिगारोचे लग्न’ १ मे १७८६ रोजी रंगमंचावर येण्याच्या सुमारास वडील लिओपोल्ड यांनीही सालिएरी आणि त्याची मंडळी हा ऑपेरा पाडण्यासाठी जिवाचे रान करणार असे लेकीला लिहिले. म्हणजे शाफर यांनी हा संशय हवेतून आणलेला नाही. पण पत्रांतला हा संशय बापलेकांचा आहे. सालिएरीने नेमके काय केले याचा पुरावा त्यातून मिळत नाही. दुसऱ्या बाजूच्या नोंदी ठोस आहेत. ७ फेब्रुवारी १७८६ रोजी शोनब्रुन राजवाड्याच्या ऑरेंजरीत सम्राटाच्या मेजवानीत दोघांचे छोटे ऑपेरा एकाच संध्याकाळी सादर झाले. एप्रिल १७९१ मध्ये सालिएरीच्या संचालनाखाली झालेल्या मोठ्या जलशात मोझार्टची सिंफनी वाजली. त्याच वर्षी प्रागच्या राज्याभिषेकासाठी ऑपेरा लिहिण्याची विचारणा आधी सालिएरीला झाली होती. हातात कामे असल्याने त्याने ती नाकारली आणि ‘ला क्लेमेंझा दी तीतो’ मोझार्टकडे आला. १४ ऑक्टोबर १७९१ रोजी मोझार्टने पत्नी कोन्स्टान्झेला लिहिलेले पत्र उपलब्ध आहे. आपण सालिएरीला ‘जादूची बासरी’ हा आपला ऑपेरा दाखवायला स्वतः घेऊन गेलो, त्याने पहिल्या सुरापासून मन लावून ऐकले आणि प्रत्येक गाण्याला दाद दिली, असे त्यात तो आनंदाने सांगतो. सात आठवड्यांनी, ५ डिसेंबरला, मोझार्ट वारला. पुढे त्याच्या धाकट्या मुलाला, फ्रान्झ झेवरला, कोन्स्टान्झेने शिकायला पाठवले ते सालिएरीकडेच.

मग विषाची कथा आली कुठून? मृत्यूनंतर महिनाभरातच बर्लिनच्या एका नियतकालिकात, प्रेत सुजले होते म्हणून विषप्रयोगाची शंका छापून आली. शेवटच्या आजारात मोझार्टला स्वतःलाही आपल्यावर विष घातले गेल्याचा भास होत असे, ही कोन्स्टान्झेने सांगितलेली आठवण १७९८ मध्ये नीमेचेक याने लिहिलेल्या चरित्रात आली. तिने सालिएरीचे नाव घेतले नव्हते. सालिएरीवर आळ आला तो पुष्कळ नंतर, १८२३ मध्ये, जेव्हा त्याचे मन आणि शरीर दोन्ही खचले होते आणि इस्पितळात त्याने गळ्यावर वार करून घेतल्याचे बोलले जात होते. त्याने गुन्हा कबूल केला अशी वदंता शहरभर पसरली. बहिऱ्या बेथोव्हेनशी लोक ज्या वह्यांतून लिहून बोलत, त्या संवादवह्यांतही ती उतरली आहे. त्याच काळात भेटायला आलेल्या मोशेलेस या जुन्या शिष्यापाशी सालिएरीने त्या अफवेत काहीही तथ्य नसल्याचे सांगितले. त्याची शुश्रूषा करणाऱ्या दोघांनी आपण अशी कबुली कधी ऐकली नाही असे लेखी दिले. काही उपयोग झाला नाही. ७ मे १८२५ रोजी तो वारला आणि अफवा मागे राहिली.

तिला साहित्यात आणले पुश्किनने. १८३० मध्ये बोल्दिनो इथे त्याने ‘मोझार्ट आणि सालिएरी’ ही छोटी नाटिका लिहिली. तिच्यात सालिएरी पेल्यात सरळ विष टाकतो. पुश्किनचे समर्थन असे होते की ‘डॉन जोव्हान्नी’ची हुर्यो उडवू शकणारा माणूस त्याच्या कर्त्याला विषही देऊ शकतो, पण सालिएरीने तशी हुर्यो उडवल्याला इतिहासात आधार नाही. नाटिकेची ताकद मात्र वादातीत आहे. कष्टाने कमावलेली विद्या आणि सहज मिळालेली देणगी यांचा झगडा तिने काही पानांत उभा केला. रिम्स्की-कोर्साकोव्हने १८९७ मध्ये तिचा ऑपेरा केला. शाफर यांच्या हाती आलेला सालिएरी असा आधीच दीडशे वर्षे घडवला गेलेला होता.

शाफर यांनी केलेला बदल महत्त्वाचा आहे, आणि तो अनेकांच्या लक्षात राहत नाही. त्यांचा सालिएरी विष देत नाही. नाटकाच्या शेवटी तो विष दिल्याची खोटी कबुली पसरवतो, कारण कीर्ती नाही तर निदान अपकीर्तीने तरी आपले नाव मोझार्टच्या नावाला चिकटून राहावे अशी त्याची धडपड असते. आणि त्याच्यावर कोणी विश्वास ठेवत नाही. १८२३ च्या अफवेचे हे अत्यंत चतुर नाट्यरूपांतर आहे. शिवाय सगळी कहाणी त्याच्याच तोंडून येते. पश्चात्ताप आणि मत्सर यांनी पोखरलेल्या म्हाताऱ्याची ती आठवण आहे. तिच्यातला मोझार्टही त्याच्याच नजरेतला. आपण चरित्र लिहिलेले नाही हे शाफर वारंवार सांगत आले.

रंगमंचावर हा बचाव टिकतो. स्कोफिल्डचा सालिएरी प्रेक्षकांशी थेट बोलत असे, समोरचे प्रसंग त्याच्या बोलण्यातून उभे राहत आणि विरत, त्यामुळे सांगणाऱ्याचा विसर पडत नसे. चित्रपटात हे नाते बदलते. फोरमन यांनी प्रागमध्ये खऱ्या जुन्या रस्त्यांवर चित्रीकरण केले. ‘डॉन जोव्हान्नी’ पहिल्यांदा २९ ऑक्टोबर १७८७ रोजी ज्या नाट्यगृहात झाला त्याच नाट्यगृहात ऑपेराची दृश्ये घेतली. नेव्हिल मॅरिनर यांच्या संचालनाखाली वाजलेले संगीत अव्वल दर्जाचे होते. जागा खरी, पोशाख खरे वाटणारे, संगीत खरे. मग माणसेही खरी वाटतात. वृद्ध सालिएरी वेड्यांच्या इस्पितळात पाद्र्याला हे सांगतो आहे ही चौकट शिल्लक राहते, पण प्रेक्षक ती पाच मिनिटांत विसरतो.

या स्वातंत्र्यांकडे पाहताना दोन गोष्टी वेगळ्या काढायला हव्यात: नाटककाराने तपशील बदलला की कारण बदलले. तपशील बदलल्याने फारसे बिघडत नाही. मोझार्टला सहा मुले झाली, त्यांतली दोन जगली. चित्रपटात एकच दिसते. सम्राट दुसरा योसेफ संगीताचा चांगला जाणकार होता, स्वतः वाजवत असे. इथे तो सुस्वभावी पण मठ्ठ आहे. सुरांची संख्या फार झाली हा त्याच्या तोंडचा प्रसिद्ध शेरा नीमेचेकच्या चरित्रातून घेतलेला आहे. ‘फिगारो’तील नृत्यावर बंदी घालण्याचा प्रसंग संहिताकार दा पोन्ते याच्या आठवणींत आहे, तिथला खलनायक नाट्यगृहाचा प्रमुख रोझेनबर्ग आहे. एवढ्याने कोणाचे चरित्र बदलत नाही.

मोझार्टच्या अश्लील बोलण्याचा तर सर्वांत जास्त गवगवा झाला, आणि तिथेच शाफर सर्वांत भक्कम पायावर होते. चुलत बहीण मारिया आना थेक्ला हिला त्याने लिहिलेली पत्रे शौचविषयक विनोदांनी भरलेली आहेत. पीटर हॉल यांनी सांगितलेली हकीकत अशी की, पंतप्रधान मार्गारेट थॅचर नाटक पाहून नाराज झाल्या. ‘फिगारो’ लिहिणारा माणूस असे बोलेल हे त्यांना मान्य होईना. हॉल यांनी पत्रांकडे बोट दाखवले, तरी त्यांचे समाधान झाले नाही. शाफर यांची चूक असली तर ती दुसरीकडे आहे. पत्रांतला मोझार्ट अश्लील आहे तसा सावध, हिशेबी, माणसे अचूक ओळखणारा आणि संहितेच्या एकेका ओळीवर वाद घालणारा व्यावसायिकही आहे. तो नाटकात जवळपास नाही, कारण शाफर यांच्या सालिएरीला देवाचे निर्बुद्ध वाद्य हवे होते.

इथून कारणांचा प्रदेश सुरू होतो. चित्रपटात कोन्स्टान्झे नवऱ्याची हस्तलिखिते सालिएरीकडे नेते. त्यांत एकही खाडाखोड नाही. संगीत डोक्यात आधीच पुरे झालेले, कागदावर फक्त उतरवलेले. दृश्य विलक्षण प्रभावी आहे. पण ही कल्पना एकोणिसाव्या शतकातली. संगीत आपल्याला अखंड सुचते असे मोझार्टच्या नावावर सांगणारे पत्र १८१५ मध्ये रोख्लिट्स या संपादकाने छापले आणि अभ्यासकांनी ते बनावट ठरवले. संगीताचे अभ्यासक ॲलन टायसन यांनी कागदावरचे जलचिन्ह तपासून दाखवून दिले की मोझार्ट कित्येक रचना अर्ध्यावर ठेवून महिन्या-वर्षांनी पुन्हा हाती घेत असे. हायडनला अर्पण केलेली चार तंतुवाद्यांसाठीची सहा चतुष्के पुरी व्हायला १७८२ ची अखेर ते जानेवारी १७८५ इतका काळ लागला, आणि अर्पणपत्रिकेत मोझार्टने त्यांना दीर्घ परिश्रमाचे फळ म्हटले आहे. म्हणजे नाटकात ज्या कष्टांचा मक्ता एकट्या सालिएरीकडे दिला आहे, ते मोझार्टनेही आयुष्यभर उपसले. देणगी विरुद्ध मेहनत हा नाटकाचा कणाच त्यामुळे इतिहासात उभा राहत नाही.

‘रेक्विएम’ची गोष्ट याहून मोलाची. चित्रपटात मृतांसाठीच्या या प्रार्थनासंगीताची मागणी मुखवटा घालून सालिएरी करतो; ते मोझार्टच्या अंत्यविधीत स्वतःच्या नावावर खपवायचे त्याच्या मनात असते. प्रत्यक्षात १७९१ च्या उन्हाळ्यात निनावी निरोप्या आला होता तो काउंट फ्रान्झ फॉन वालसेगकडून. त्याची तरुण पत्नी आना त्या वर्षी फेब्रुवारीत वारली होती. दुसऱ्यांकडून गुपचूप संगीत लिहवून घ्यायचे, स्वतःच्या हाताने त्याची नक्कल करायची आणि आपले म्हणून वाजवायचे, ही या काउंटची सवयच होती. मोझार्ट काम अर्धवट टाकून गेला. राहिलेले पैसे मिळायला हवेत म्हणून कोन्स्टान्झेने ते आधी आयब्लर आणि मग झ्युसमायर या संगीतकारांकडे पुरे करायला दिले, आणि सगळे मोझार्टचेच म्हणून काउंटच्या हवाली केले. काउंटने १४ डिसेंबर १७९३ रोजी ते स्वतःची रचना म्हणून सादर केले. दोघांनी एकमेकांना फसवले, एकाने दुःखाच्या हौसेपोटी आणि एकीने दोन लहान मुलांच्या पोटापाण्यासाठी. काउंटच्या चाकरीतल्या एका संगीतज्ञाची हकीकत १९६४ मध्ये छापून आली होती, म्हणजे शाफर लिहायला बसले तेव्हा हे सगळे माहीत होते. परक्याचे संगीत आपले म्हणून मिरवण्याची वालसेगची लालसा त्यांनी उचलली आणि सालिएरीच्या अंगावर घातली. इतिहासातला खरा माणूस बाजूला सारून त्याचा दोष निर्दोष माणसाच्या नावावर चढवण्याचे याहून स्पष्ट उदाहरण या कृतीत नाही.

याच ‘रेक्विएम’मधून चित्रपटाचा सर्वोत्तम प्रसंग निघाला हेही सांगायला हवे. मरणशय्येवरचा मोझार्ट ‘कॉन्फुतातिस’ हा भाग सांगतो आणि सालिएरी लिहून घेतो. असे घडले नाही. शेवटच्या दिवसांत जवळ होता तो झ्युसमायर, आणि मेहुणी सोफी. पण त्या प्रसंगात खर्जाचे आवाज, त्यांवर वरचे आवाज, मग पितळी वाद्ये, मग तंतुवाद्यांची धुमसणारी आवर्तने असे थर एकामागून एक ऐकू येतात आणि अखेर एकत्र वाजतात. मोझार्टच्या हस्तलिखितात या भागाचे गायनस्वर, खर्ज आणि वाद्यांच्या काही नेमक्या खुणाच आहेत. बाकीचे भरणे दुसऱ्याच्या हातचे. सांगाडा एकाचा आणि भराव दुसऱ्याचा, हे त्या प्रसंगात अगदी बरोबर पकडले आहे. घटना कल्पित असूनही त्यातून संगीताचे ज्ञान मिळते. नाट्यस्वातंत्र्याचा इतका चांगला उपयोग क्वचितच होतो.

दफनाच्या दृश्यात पाऊस, सांगाती नसलेली गाडी, तळ उघडणारी शवपेटी, सामायिक खड्डा आणि वर चुना आहे. मोझार्टचा अंत्यविधी तिसऱ्या वर्गाचा होता: ८ गुल्डन ५६ क्रॉइत्सर, आणि गाडीचे ३ गुल्डन. योसेफच्या सुधारणांनुसार मध्यमवर्गीयांना तेव्हा असेच साध्या, खूण नसलेल्या कबरीत पुरत, आणि शोक करणारे स्मशानापर्यंत जात नसत. तळ उघडणाऱ्या पेटीचा हुकूम लोकांच्या विरोधामुळे १७८५ मध्येच मागे घ्यावा लागला होता. वादळाची कथा १८५६ मध्ये, शंभराव्या जयंतीच्या वर्षी, छापून आली. समकालीन नोंदींत त्या दिवसाची हवा सौम्य आहे.

राहिला पैशांचा प्रश्न. नाटकात मोझार्टची दैन्यावस्था सालिएरीच्या कारस्थानांतून येते. खरे कारण शहरभर पसरलेले होते. ऑस्ट्रिया १७८८ च्या फेब्रुवारीत तुर्कांशी युद्धात उतरला. उमराव आघाडीवर किंवा आपापल्या जहागिरींवर गेले, घरचे वाद्यवृंद बंद झाले, वर्गणीवर चालणारे जलसे आटले. ज्या श्रोत्यांवर मोझार्ट स्वतंत्रपणे जगत होता तो श्रोताच व्हिएन्नात उरला नाही. डिसेंबर १७८७ पासून त्याला दरबाराकडून वर्षाला ८०० गुल्डन मिळत होते, तरी मित्र पुखबर्गकडे उसने मागणारी त्याची पत्रे वाचवत नाहीत. १९९१ मध्ये उजेडात आलेल्या न्यायालयीन नोंदीनुसार प्रिन्स लिख्नोव्स्कीने त्याच्यावर १,४३५ गुल्डनांचा दावा जिंकला होता, तोही मृत्यूच्या महिनाभर आधी. आणि १७९१ मध्ये तर दिवस पालटू लागले होते: ‘जादूची बासरी’ गर्दी खेचत होती. नोकरी झुगारून स्वतःच्या हिमतीवर जगू पाहणाऱ्या पहिल्या मोठ्या संगीतकारांपैकी एकाला युद्धाने आणि कर्जाने कसे घेरले, ही खरी शोकांतिका. एका मत्सरी माणसाला कारण केले की ती दिसेनाशी होते. प्रेक्षक घरी जातो तो सालिएरीला दोष देत. कलावंताला पोसणारी व्यवस्था कशी कोसळते हा विचार त्याच्या मनात येत नाही.

शाफर यांच्या बाजूने सांगितले जाते की शेक्सपिअरनेही रिचर्डला कुबड दिले आणि शिलरने कधीच न भेटलेल्या दोन राण्यांची भेट घडवली. ते खरे आहे. पण त्या राजेराण्यांची दुसरी बाजू मांडणारे इतिहासकार आणि पक्षपाती प्रत्येक पिढीत होते. शिवाय मत्सराची ही गोष्ट सांगायला खरे नाव लागतेच असे नाही. पुरुषोत्तम दारव्हेकरांनी १९६७ मध्ये ‘कट्यार काळजात घुसली’ लिहिताना खाँसाहेब आणि पंडितजी दोघेही कल्पिले. २०१५ च्या चित्रपटात तर पंडितजींचा आवाज शेंदूर खाऊ घालून घालवला जातो, विषप्रयोगाचीच ही आपल्याकडची कथा; पण त्यामुळे इतिहासातल्या कोणत्याही गवयावर डाग लागला नाही आणि नाट्यही तसूभर उणे झाले नाही. शाफर यांना मोझार्टचे संगीत हवे होते, म्हणून मोझार्टचे नाव अपरिहार्य होते. सालिएरीचे नाव तसे नव्हते.

या सगळ्यात सर्वांत मोठे नुकसान झाले ते सालिएरीच्या संगीताचे. नाटकातला सालिएरी स्वतःला सामान्यांचा संरक्षक संत म्हणवतो, आणि चित्रपटात त्याने रचलेले स्वागतगीत मोझार्ट दोन मिनिटांत सुधारून ‘फिगारो’तले प्रसिद्ध गाणे करतो. ते स्वागतगीत सालिएरीचे नाहीच. चित्रपटासाठी बेतलेले आहे. सालिएरीचे ‘ले दानाईद’ किंवा ‘अक्सुर’ हे ऑपेरा ऐकणाऱ्याला मोझार्टची खोली सापडणार नाही, पण रंगभूमीचा पक्का अंदाज, शब्दांना धरून चालणारी गायकी आणि समूहगानाचा भारदस्तपणा सापडेल. मोझार्टपेक्षा लहान असणे म्हणजे सामान्य असणे नव्हे.

वाद झाला म्हणून शोधही झाला. ब्राउनबेहरेन्स यांनी १९८९ मध्ये सालिएरीचे चरित्र लिहिले. जॉन राइस यांचा त्याच्या व्हिएन्नातील ऑपेरांवरचा विस्तृत ग्रंथ १९९८ मध्ये आला. २००३ मध्ये गायिका चेचिलिया बार्तोली यांनी त्याच्या गीतांची ध्वनिमुद्रिका काढली. ला स्काला नाट्यगृह दुरुस्तीनंतर डिसेंबर २००४ मध्ये रिकार्दो मुती यांच्या संचालनाखाली पुन्हा उघडले, तेव्हा १७७८ मधलाच ‘एउरोपा रिकोनोश्युता’ निवडला गेला. आणि जानेवारी २०१६ मध्ये प्रागच्या संगीतसंग्रहालयाने एक सापडलेली छापील पुस्तिका जाहीर केली: आजारातून उठलेल्या गायिका नॅन्सी स्टोरेस हिच्यासाठी १७८५ मध्ये दा पोन्तेच्या शब्दांवर रचलेले छोटे गीत. शतकानुशतके ते हरवले असे मानले जात होते. त्यावर कॉर्नेट्टी या तिसऱ्या नावासह मोझार्ट आणि सालिएरी या दोघांची नावे संगीतकार म्हणून आहेत.